कोलोनोस्कोपीनंतरच्या पंधरा दिवसांची जबाबदारी कोणाची?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकाच्या आरोग्य पुरवणीत मोठ्या आतड्याच्या दुर्बिणीच्या तपासणीवर, म्हणजे कोलोनोस्कोपीवर, नुकताच लेख आला होता. लेख उपयुक्त होता. शौचावाटे रक्त पडत असताना ‘मूळव्याधच असणार’ असे म्हणून वर्ष-वर्ष अंगावर काढणाऱ्यांनी तो जरूर वाचावा. परंतु त्यात या तपासणीचे वर्णन ‘साधी, वेदनारहित आणि पूर्णपणे सुरक्षित’ असे केले आहे, आणि त्यातील शेवटच्या शब्दांवर माझा आक्षेप आहे. मी ३१ वर्षे परिचारिका म्हणून नोकरी केली, त्यांपैकी शेवटची १४ वर्षे एन्डोस्कोपीच्या खोलीत. डाव्या कुशीवर झोपलेल्या रुग्णाच्या पोटावर तळहात ठेवून ‘आता गॅस धरल्यासारखे वाटेल, श्वास रोखू नका’ हे वाक्य मी किती हजार वेळा म्हटले असेल याची मोजदाद नाही. तेव्हा ही तपासणी करू नका असे मी कोणालाही सांगणार नाही. या तपासणीतला धोका थोडा आहे, हे मान्यच आहे. पण तो उद्भवतो तेव्हा रुग्ण पुष्कळदा टेबलावर नसतो, तो आपल्या घरी असतो, आणि घरी काय पाहायचे, कोणाला फोन करायचा हे त्याला कोणी सांगितलेले नसते. माझी तक्रार एवढ्यापुरतीच आहे.

आधी आकडे पाहू. अमेरिकेच्या प्रतिबंधक आरोग्यसेवाविषयक तज्ज्ञगटाने २०२१ मध्ये मोठ्या आतड्याच्या कर्करोगासंबंधी शिफारशी केल्या, तेव्हा अनेक अभ्यास एकत्र करून हिशेब मांडला होता. काहीही त्रास नसताना केवळ चाळणी (स्क्रीनिंग) म्हणून केलेल्या दर १०,००० कोलोनोस्कोपींमागे सुमारे ३ जणांच्या आतड्याला छिद्र पडले आणि सुमारे १५ जणांना गंभीर रक्तस्राव झाला. शौचाच्या नमुन्यात काही संशयास्पद आढळल्यामुळे ज्यांना पुढची पायरी म्हणून कोलोनोस्कोपी करावी लागली, त्यांच्यात छिद्राचे प्रमाण ५ च्या वर आणि रक्तस्रावाचे १७ च्या वर गेले. पोलंड, नॉर्वे आणि स्वीडन येथील मोठ्या चाचणीचे निष्कर्ष २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले. तिच्यात तपासणी करून घेणाऱ्या ११,८४३ जणांपैकी एकाच्याही आतड्याला छिद्र पडले नाही, ३० दिवसांत तपासणीमुळे कोणी दगावले नाही. मोठा रक्तस्राव मात्र १५ जणांना झाला आणि त्या सर्वांचे पॉलिप, म्हणजे आतड्याच्या अस्तरावर वाढलेली गाठ, काढलेले होते. ही शेवटची गोष्ट वाचकांनी लक्षात ठेवावी. नुसते पाहणे आणि पाहता पाहता काही कापणे या जोखमीच्या दृष्टीने दोन निराळ्या गोष्टी आहेत.

हे आकडे दिलासा देणारे आहेत यात शंका नाही, पण ते कोणाचे आहेत हेही पाहायला हवे. तिकडे मधल्या वयाची, धडधाकट, पत्र पाठवून बोलावलेली माणसे तपासली जातात. आपल्याकडे तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख यांच्या कर्करोगासाठी सरकारी चाळणी तपासणी आहे. आतड्यासाठी तशी मोहीम नाही. त्यामुळे आमच्या खोलीत येणारा माणूस बहुधा काहीतरी बिघडले म्हणूनच आलेला असे. कोणाचे हिमोग्लोबिन सहावर आलेले, कोणाला चार महिने जुलाब, कोणाला आतड्याच्या क्षयाचा संशय, कोणी ७८ वर्षांचे आणि हृदयात स्टेंट घातलेले. वय वाढते तशी गुंतागुंतीची शक्यता वाढते. म्हणूनच त्या अमेरिकी शिफारशींत ४५ ते ७५ या वयापर्यंतच सरसकट चाळणी सुचवली आहे आणि पुढच्या दहा वर्षांसाठी माणूस पाहून ठरवा असे म्हटले आहे. तिकडचा आकडा उचलून इथल्या रुग्णाला सांगणे म्हणजे पुण्याचा पाऊस पाहून महाबळेश्वरला जायची छत्री निवडण्यासारखे आहे.

आता ज्याकडे कोणीच पुरेसे लक्ष देत नाही त्या भागाकडे येते. तपासणी आदल्या संध्याकाळी स्वयंपाकघरात सुरू होते. दोन लिटर पाण्यात विरघळवलेली ती खारट पावडर पिऊन आतडे धुऊन काढायचे असते, आणि ते नीट धुतले गेले नाही तर पुढचे सगळे व्यर्थ. अर्धी मात्रा आदल्या संध्याकाळी आणि अर्धी त्या दिवशी पहाटे, तपासणीच्या चार-सहा तास आधी, असे घेतल्यास आतडे सर्वांत स्वच्छ होते हे आता सर्वमान्य आहे. पण आमच्याकडचे निम्मे रुग्ण साठ-सत्तर किलोमीटरवरून, काही तर सीमेपलीकडच्या कर्नाटकातल्या गावांतून, पहाटेच्या एसटीने येत. पहाटे चारला जुलाबाचे औषध पिऊन सहाच्या एसटीत बसायचे कसे? म्हणून मंडळी सगळे औषध आदल्या रात्रीच संपवतात, सकाळपर्यंत आतड्याच्या उजव्या भागात पिवळा थर पुन्हा साचतो, आणि डॉक्टर ‘तयारी अपुरी’ असे लिहून मोकळे होतात. रुग्णाचा खर्च, उपास आणि रजा वाया जाते. दूरच्या रुग्णांना दुपारची वेळ देणे एवढा साधा उपाय यावर आहे. आमच्या इथे तो मी भांडून सुरू करून घेतला होता, एवढा एक आत्मस्तुतीचा दोष माफ व्हावा.

ही तयारी सर्वांना सारखी झेपतही नाही. रात्रीतून बारा-पंधरा वेळा उठणाऱ्या म्हाताऱ्या माणसाच्या अंगातले पाणी आणि क्षार कमी होतात, उभे राहिल्यावर डोळ्यांपुढे अंधारी येते, आणि संडास अंगणापलीकडे असेल तर अंधारात पडून हाड मोडते. अशी मोडलेली हाडे कोलोनोस्कोपीच्या गुंतागुंतीत कोणी मोजत नाही. मधुमेह असलेला रुग्ण दिवसभर काही न खाता सवयीने ग्लिमेपिराइडची गोळी घेतो आणि साखर उतरून घामाघूम होतो. लघवीवाटे साखर बाहेर टाकणाऱ्या नव्या गोळ्या तर तीन दिवस आधीपासून थांबवाव्या लागतात, कारण उपाशीपोटी त्यांच्यामुळे रक्तातील आम्ल वाढून जीवावर बेतू शकते. पावडरऐवजी काही ठिकाणी फॉस्फेटचे थोडक्या मात्रेचे पातळ औषध दिले जाते. ते प्यायला सोपे असते हे खरे, पण मूत्रपिंड आधीच कमजोर असेल, रक्तदाबाच्या काही विशिष्ट गोळ्या किंवा लघवी वाढवणाऱ्या गोळ्या चालू असतील, पाणी कमी प्यायले गेले असेल, तर त्या फॉस्फेटचे खडे मूत्रपिंडात साचून ते कायमचे निकामी होऊ शकते. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने डिसेंबर २००८ मध्ये अशा औषधांबाबत सर्वांत कडक प्रतीचा इशारा दिला होता. म्हणून ‘कोणते औषध देत आहात आणि माझे क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचे काम दाखवणारी रक्ततपासणी) पाहिले आहे का’ हा प्रश्न पासष्टीच्या पुढच्या प्रत्येकाने विचारायला हवा. दुकानदाराने ‘हे नाही, ते घ्या, तेच आहे’ म्हणून दिलेले औषध घेऊ नये.

खाण्यापिण्याबाबतही छापील इंग्रजी कागदावर ‘क्लिअर लिक्विड’ एवढेच असते. घरचे लोक त्याचा अर्थ दूध, ताक, भाताची दाट पेज असा करतात. गाळलेले वरणाचे पाणी, शहाळ्याचे पाणी, कोरा चहा, गाळलेले लिंबूसरबत असे लिहिले की प्रश्न मिटतो. कोकणातल्या एका आजींनी उपास सोसवेना म्हणून लोटाभर कोकम सरबत घेतले होते, आणि आत लालसर पाणी दिसताच डॉक्टर क्षणभर दचकले होते. लाल रंगाचे काही पिऊ नये, लोहाच्या गोळ्या आठवडाभर आधी बंद कराव्यात, पेरू, टोमॅटो, जवस, तीळ अशा बियांचे पदार्थ दोन-तीन दिवस टाळावेत, हे मराठीत सांगायला कितीसा वेळ लागतो?

रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्यांचा प्रश्न अधिक गंभीर आहे. त्या चालू ठेवल्या तर पॉलिप काढल्यावर रक्त थांबत नाही, आणि परस्पर बंद केल्या तर स्टेंट बंद पडण्याची किंवा अर्धांगवायूची भीती. क्लोपिडोग्रेल सर्वसाधारणपणे ५ ते ७ दिवस आणि वॉर्फरिन ५ दिवस आधी थांबवतात, ॲस्पिरिन बहुधा चालूच ठेवतात. परंतु स्टेंट नुकताच बसवलेला असेल तर हृदयरोगतज्ज्ञांना विचारल्याशिवाय एकही गोळी बंद करायची नसते, आणि तातडी नसेल तर तपासणीच पुढे ढकलायची असते. गोळी कधी थांबवायची हे सांगितले जाते, ती पुन्हा कधी सुरू करायची हे मात्र अर्ध्याअधिक कार्डांवर लिहिलेले मी पाहिलेले नाही.

टेबलावर काय होऊ शकते ते थोडक्यात सांगते, कारण तेथे लक्ष ठेवणारे लोक तरी असतात. सर्वांत जास्त वेळा उद्भवणारा त्रास आतड्याचा नसून गुंगीच्या औषधाचा असतो. श्वास मंदावणे, रक्तातील प्राणवायू घटणे, रक्तदाब उतरणे असे प्रकार होतात. बहुतेक वेळा हनुवटी उचलून आणि नळीने प्राणवायू देऊन ते निभावते. लठ्ठ, घोरणाऱ्या, दम्याच्या किंवा हृदयाच्या रुग्णासाठी मात्र खोलीत भूलतज्ज्ञ असायलाच हवा, आणि दुर्बीण हाताळणाऱ्यानेच डोळ्याच्या कोपऱ्यातून मॉनिटर पाहावा ही व्यवस्था मला कधीच पटली नाही. या गुंगीला किती मान द्यावा याचे एक उदाहरण गमतीचे आहे. २००२ आणि २००७ मध्ये जॉर्ज डब्ल्यू. बुश यांनी आणि नोव्हेंबर २०२१ मध्ये जो बायडेन यांनी कोलोनोस्कोपीच्या त्या थोड्या वेळापुरते अध्यक्षपदाचे अधिकार रीतसर पत्र लिहून उपाध्यक्षांकडे सोपवले होते. आमच्या इथले अडत्याचे धंदे करणारे एक काका तपासणीनंतर दीड तासाने मोटारसायकलला किक मारताना मी पार्किंगमध्ये पकडले. वाहन चालवणे, व्यवहाराच्या कागदावर सही करणे, शेतात मोटार चालू करायला एकट्याने जाणे हे चोवीस तास वर्ज्य असते.

आतड्याला छिद्र पडते ते तीन प्रकारांनी. डाव्या बाजूला आतडे इंग्रजी ‘एस’सारखे वळते, तेथे दुर्बिणीचे वेटोळे होऊन तिच्या दांड्याचा दाब पडतो आणि भिंत फाटते, पूर्वी पोटाचे ऑपरेशन होऊन आतडी चिकटलेली असली तर हा धोका वाढतो. दुसरे, आत भरलेल्या हवेचा ताण; तो उजवीकडच्या, सर्वांत रुंद आणि पातळ भिंतीच्या भागावर सर्वाधिक येतो. हवेऐवजी कार्बन डायऑक्साइड वापरला तर तो लवकर शोषला जातो आणि नंतरची पोटफुगी, कळा पुष्कळ कमी होतात, पण त्याची सोय सगळीकडे नाही. तिसरा प्रकार म्हणजे पॉलिप कापताना विजेच्या उष्णतेने भिंत भाजणे. भाजलेली भिंत त्या क्षणी शाबूत दिसते आणि एक-दोन दिवसांनी विरते. कधी छिद्र न पडताही नुसत्या भाजण्याने ताप आणि पोटदुखी येते. ती सलाइन आणि प्रतिजैविकांनी आटोक्यात येते, पण घरी बसून कळणार कसे की हे नुसते भाजणे आहे की छिद्र? लहान पॉलिप विजेशिवाय, नुसत्या तारेच्या फासाने कापण्याची पद्धत याच कारणाने आता पसंत केली जाते. जुनी माणसे आतडे साफ करायला मॅनिटॉल देत. त्यावर आतड्यातले जंतू हायड्रोजन तयार करतात आणि विजेच्या ठिणगीने त्याचा भडका उडू शकतो. अशा स्फोटात रुग्ण दगावल्याची नोंद १९७९ मध्येच वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेली आहे. आजही कोणी ते लिहून दिले तर कारण जरूर विचारावे.

आता मी हे पत्र का लिहायला बसले ते सांगते. माझ्या थोरल्या दिरांचे वय ७१. मधुमेह आहे, काही वर्षांपूर्वी स्टेंट घातलेला आहे. गेल्या पावसाळ्यात एका शहरातील एका रुग्णालयात त्यांची कोलोनोस्कोपी झाली आणि उजव्या बाजूचे एक बऱ्यापैकी मोठे पॉलिप काढले गेले. मी तेव्हा मुलीकडे नागपूरला होते. काम उत्तम झाले होते. नंतर मी फोटो पाहिले, त्यात खोट काढण्यासारखे काही नव्हते. संध्याकाळी भाऊजी आणि त्यांचा मुलगा एसटीने गावी परतले. सहाव्या दिवशी रात्री साडेनऊला त्यांना शौचाला लागली आणि नुसते रक्त पडले. त्यांनी ते घरात कोणाला सांगितले नाही. तपासणीची जखम एव्हाना भरली असणार, हे उष्णतेमुळे किंवा मूळव्याधीमुळे असेल, असे त्यांनी मनाशी ठरवले आणि इसबगोल घेऊन झोपले. पहाटेपर्यंत आणखी तीन वेळा तसेच झाले, चौथ्या वेळी ते मोरीच्या दाराशी कोसळले. पुतण्याने डिस्चार्ज कार्डावरचा क्रमांक लावला. तो स्वागतकक्षाचा होता. रात्रपाळीच्या माणसाने ‘ओपीडी दहाला उघडते’ असे सांगितले. कार्डावर सूचनांच्या जागी इंग्रजी तीन अक्षरे होती, ‘एसओएस’. पुतण्याला वाटले ते एखाद्या गोळीचे नाव आहे.

‘एसओएस’ म्हणजे गरज पडल्यास या. गरज म्हणजे काय, हे ज्याला ठाऊक आहे त्यानेच ज्याला ठाऊक नाही त्याच्यासाठी लिहिलेले हे सांकेतिक अक्षर आहे. पॉलिप कापलेल्या जागेवर खपली धरते, आणि ती खपली पाच-सात दिवसांनी, कधी दोन आठवड्यांपर्यंतही, सुटून आतली रक्तवाहिनी उघडी पडू शकते. रक्त पातळ करणारी गोळी पुन्हा सुरू झालेली असेल तर हे अधिक संभवते. हे कोणाचे पाप नाही, ही त्या उपचाराची माहीत असलेली गुंतागुंत आहे. पुन्हा दुर्बीण घालून क्लिप लावली, रक्ताच्या दोन पिशव्या दिल्या, आणि भाऊजी आज शेतावर जाऊन येतात. डॉक्टरांवर माझा रोष नाही. ‘पंधरा दिवसांत केव्हाही ताजे रक्त पडले तर ते मूळव्याधीचे समजू नका, रात्र असली तरी निघा’ हे एक वाक्य त्या कार्डावर नव्हते, यावर आहे.

छिद्राच्या बाबतीत तर वेळ आणखी महत्त्वाची. तपासणीनंतर पोट फुगणे, थोड्या कळा येणे हे स्वाभाविक आहे. वायू सरला की आराम पडतो. वायू सरूनही न थांबणारे, वाढत जाणारे दुखणे, लाकडासारखे कडक लागणारे पोट, ताप, थंडी, छातीत धडधड यांपैकी काही असेल तर ‘गॅसेस’ म्हणून ओवा-हिंग खात बसू नये. डाव्या खांद्यात उगीच दुखू लागले तर तेही सांगावे, क्वचित प्लीहेला इजा झाल्याची ती खूण असते. छिद्र लगेच लक्षात आले तर दुर्बिणीतूनच क्लिपने बंद करता येते. दीड-दोन दिवस गेले तर मळ पोटभर पसरतो, पोट उघडावे लागते आणि काही महिने पोटावर शौचाची पिशवी बाळगण्याची वेळ येते. दोन्ही रुग्णांचे छिद्र सारखेच असते. फरक पडतो तो कोणी किती वेळ वाट पाहिली याने.

यावर डॉक्टरमंडळी म्हणतील की संमतीपत्रावर हे सारे असतेच. असते, बारीक अक्षरात, आणि ते पुढे केले जाते ते रुग्ण मागून उघडा असलेला गाऊन घालून, रात्रभराच्या जुलाबाने गळून, हातात सलाइनची सुई घेऊन स्ट्रेचरवर पडलेला असताना. त्या क्षणी कोणीही कशावरही सही करेल. मी स्वतः अशा शेकडो सह्या घेतल्या आहेत, ‘काका, इथे आणि इथे’ असे बोट दाखवून. समीरा कोहली खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १६ जानेवारी २००८ रोजी दिलेल्या निकालात स्पष्ट सांगितले आहे की निदानासाठीच्या तपासणीला दिलेली संमती ही उपचाराला दिलेली संमती ठरत नाही. दोन्ही गोष्टी होण्याचा संभव असेल तर दोन्हींची संमती एकत्र घेता येते, पण ती आधी घ्यायची. उपचाराचे स्वरूप, हेतू, पर्याय, ठळक धोके आणि तो न केल्यास होणारे परिणाम रुग्णाला समजले पाहिजेत, असेही त्यात आहे. त्याच निकालात अगदी दूरचे, केवळ तात्त्विक धोके सांगत बसण्याची गरज नाही असेही म्हटले आहे, आणि ‘छिद्र तर हजारांत एकालाही पडत नाही, कशाला घाबरवायचे?’ या युक्तिवादाला तेथे आधार शोधला जातो. माझ्या अल्प समजुतीप्रमाणे, ज्या धोक्यात रुग्णाने स्वतः वेळेवर ओळखण्यावर जीव वाचणे अवलंबून आहे, तो धोका कितीही विरळ असला तरी ‘दूरचा’ म्हणता येत नाही.

‘मग दुसरी कुठली तरी सोपी तपासणी करू’ असे म्हणणाऱ्यांसाठी दोन शब्द. प्रॉक्टोस्कोपी आणि छोट्या दुर्बिणीची सिग्मॉइडोस्कोपी यांत जोखीम बरीच कमी, पण दिसते तेही आतड्याच्या शेवटच्या भागापुरतेच. बेरियमचा एनिमा आता मागे पडला आहे; त्यातही क्वचित आतडे फाटते, आणि बेरियम पोटात पसरले तर होणारा दाह फार वाईट असतो, म्हणून छिद्राचा संशय असताना बेरियम द्यायचेच नसते. सीटीद्वारे केलेल्या आतड्याच्या तपासणीत गुंगी नको, छिद्राची भीती अगदी थोडी. मात्र जुलाब घ्यावा लागतो, क्ष-किरणांचा मारा होतो, आणि पॉलिप सापडलेच तर शेवटी कोलोनोस्कोपी चुकत नाही. गिळायच्या कॅमेऱ्याच्या कॅप्सूलची मात्र आपल्याकडे विशेष काळजी घ्यायला हवी. २००१ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेली ही कॅप्सूल मुख्यतः लहान आतडे पाहण्यासाठी आहे. आतडे कुठे अरुंद झालेले असेल तर ती तेथेच अडकते आणि ती काढायला शस्त्रक्रिया करावी लागू शकते. क्षयामुळे आतडे आखडलेले रुग्ण आपल्याकडे कमी नाहीत. पूर्वी क्षय झाला होता का, जेवल्यावर पोटात गोळा फिरतो का, हे विचारल्याशिवाय कॅप्सूल देऊ नये, आणि ती बाहेर पडल्याची खात्री होईपर्यंत एमआरआय करू नये.

दुर्बिणीच्या सफाईबद्दल न लिहिणे माझ्या नोकरीशी प्रतारणा ठरेल. आमच्या खोलीत दुर्बीण बाहेर आली की तिथल्या तिथे पुसून पाणी ओढून घ्यायचे, मग गळती तपासायची, प्रत्येक नळीतून ब्रश फिरवायचा, आणि त्यानंतरच ती ठरलेली मिनिटे ग्लुटरल्डिहाइड या जंतुनाशक रसायनात बुडवायची. ब्रश न फिरवता बुडवलेली दुर्बीण स्वच्छ होत नाही, मळावर रसायनाचे काही चालत नाही. उलट रसायन नीट धुतले गेले नाही तर त्यानेच पुढच्या रुग्णाच्या आतड्याला दाह होऊन दोन दिवसांत रक्ताचे जुलाब लागतात. अमेरिकेत २००९ मध्ये माजी सैनिकांच्या काही सरकारी रुग्णालयांत दुर्बिणींच्या सफाईत आणि जोडणीत चुका झाल्याचे उघड झाले, तेव्हा १०,००० हून अधिक लोकांना कावीळ आणि एचआयव्हीच्या तपासण्या करून घ्या असे कळवावे लागले होते. आमच्याकडे एका सकाळी चौदा रुग्ण आणि दुर्बिणी दोन, असा दिवस नेहमीचा. हा हिशेब ज्याला मांडता येतो त्याला मी काय म्हणते ते कळेल.

आणखी एक धोका असा की अहवाल ‘नॉर्मल’ येतो आणि माणूस निर्धास्त होतो. एकाच रुग्णाची लागोपाठ दोनदा तपासणी करून पाहिलेल्या अभ्यासांत, साधारण चारांतले एक पॉलिप पहिल्या खेपेला नजरेतून सुटल्याचे आढळले आहे. सुटतात ती बहुतेक लहान असतात. दुर्बीण बाहेर काढताना किमान सहा मिनिटे लक्षपूर्वक पाहावे हा २००६ पासूनचा दंडक आहे. बाहेर काढायला किती वेळ लागला, उजव्या टोकापर्यंत पोहोचलो की नाही, आतडे कितपत स्वच्छ होते, हे तीन तपशील अहवालावर हवेत. नसतील तर मागावेत. शौचातून रक्त जाणे पुढेही चालू राहिले तर जुन्या नॉर्मल अहवालाचा कागद दाखवून स्वतःची समजूत काढू नये.

महाराष्ट्रात खासगी रुग्णालयांसाठीच्या नियमांत २०२१ मध्ये दुरुस्ती होऊन रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावणे बंधनकारक झाले आहे. ती चौकटीत लावलेली मी पाहिली आहे, बहुधा पैसे भरण्याच्या खिडकीशेजारी. माझी मागणी त्याहून लहान आहे. कोलोनोस्कोपीची तारीख देतानाच, म्हणजे जुलाबाच्या आधी, रुग्णाच्या हाती मराठीत (आणि आमच्या भागात कन्नडमध्येही) एक पानी पत्रक द्यावे आणि संमतीपत्र त्याच दिवशी घरी न्यायला द्यावे. पत्रकाच्या पुढच्या बाजूला तयारी आणि गोळ्यांचे वेळापत्रक असावे. मागच्या बाजूला पंधरा दिवस कशावर लक्ष ठेवायचे ते लिहावे, आणि खाली रात्री अडीच वाजताही माणूस उचलेल असा एक क्रमांक द्यावा. स्वागतकक्षाचा नको, ज्या वॉर्डात रात्रपाळीची सिस्टर जागी असते तेथला.

असे एक पत्रक मी स्वतः तयार केले आहे आणि ओळखीच्या दोन पोटविकारतज्ज्ञांकडून तपासून घेतले आहे. या पत्रासोबत ते जोडत आहे. पुरवणीत जागा झाल्यास छापावे, माझे नाव घालण्याची आवश्यकता नाही. अक्षरे मात्र कृपया मोठी ठेवावीत, ते वाचणारी बहुतेक माणसे साठीच्या पुढची असतील.

आपली विश्वासू,
एक निवृत्त परिचारिका,
मिरज